नदीला निळी रेघ समजून संवर्धनाचे नकाशे काढू नका

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

२०३० पर्यंत पृथ्वीचा ३० टक्के भाग राखायचा या टार्गेटबद्दल तुमच्या पेपरात अधूनमधून बातम्या-लेख येत असतात आणि बऱ्याचदा सोबत एक रंगीत नकाशाही असतो, हिरवं म्हणजे चांगला अधिवास (प्राणी-वनस्पतींची राहायची जागा), लाल म्हणजे बिघडलेला, आणि मधलं सगळं पिवळं. दिसतो छान. पण तो रंग आला कुठून, कुणी ठरवला, आणि त्यात नदी-नाल्यांचं नेमकं काय केलंय हे कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. मी स्वतः असले नकाशे बनवायचं काम करते त्यामुळे हे थोडं घरातलं बोलणं आहे असं समजा. पत्र लांब झालंय, कापायचं तर खुशाल कापा, फक्त पाण्याचा भाग कापू नका कारण नेहमी तोच कापला जातो.

आधी टार्गेटचंच बघू. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला जैवविविधतेचा जागतिक आराखडा मंजूर झाला (कुनमिंग-मॉन्ट्रियल आराखडा म्हणतात त्याला), त्यातलं तिसरं टार्गेट म्हणजे हे ३० टक्के. मूळ मजकुरात जमीन, अंतर्गत जलक्षेत्रं म्हणजे नद्या-तळी-पाणथळ जागा, आणि समुद्र-किनारे अशी सगळ्यांची नावं आहेत. त्याआधी २०१० मध्ये ठरलेल्या आयची टार्गेटांमध्येही जमीन आणि अंतर्गत पाणी मिळून १७ टक्के असं होतं. वाचायला बरं वाटतं, पाण्याचं नाव तरी घेतलं म्हणून. पण हिशेब करताना गंमत होते. गोड्या पाण्याने व्यापलेली जागा पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या १ टक्क्याहूनही कमी, जमीन त्याच्या कितीतरी पट, आता दोन्ही एकाच बेरजेत टाकलं की नुसतं जंगल आणि डोंगर राखले तरी आकडा भरतो, नदी त्यात आली का राहिली हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि त्या १ टक्क्यात आहे काय? माहीत असलेल्या प्राणी-प्रजातींपैकी साधारण १० टक्के, आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश प्रजाती गोड्या पाण्यावर जगतात. डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेच्या २०२४ च्या रिपोर्टमध्ये १९७० ते २०२० या काळात गोड्या पाण्यातल्या अभ्यासलेल्या प्राणीसमूहांची सरासरी घट ८५ टक्के दिलीय, जमिनीवर ६९ आणि समुद्रात ५६. (हे ८५ टक्के प्राणी मेले असं नव्हे बरं का, प्रत्येक समूहाच्या संख्येत झालेल्या बदलाची ती सरासरी आहे, बातम्यांत हे दरवेळी चुकतं.) जानेवारी २०२५ मध्ये नेचर या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या अभ्यासात मासे, चतुर-टाचण्या आणि खेकडे-झिंगे अशा गटांच्या २३ हजारांहून जास्त प्रजाती तपासल्या, त्यातल्या २४ टक्के नामशेष होण्याच्या धोक्यात निघाल्या. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त लागलंय त्यालाच नकाशात सगळ्यात कमी जागा.

आता तो रंग कसा ठरतो ते सांगते. पद्धती बऱ्याच आहेत पण अधिवासाच्या गुणवत्तेसाठी जे मॉडेल जगभर खूप वापरतात ते म्हणजे इन्व्हेस्ट, स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या नॅचरल कॅपिटल प्रोजेक्टचं, फुकट मिळतं, चालवायला फार अवघड नाही. त्याला लागतो एक भूवापराचा नकाशा म्हणजे कुठे जंगल, कुठे शेती, कुठे वस्ती, कुठे पाणी. मग प्रत्येक प्रकाराला ० ते १ मध्ये एक स्कोअर द्यायचा, जंगलाला १, गवताळ जागेला समजा ०.६, शेतीला ०.३, शहराला ०. मग धोके घ्यायचे, रस्ता, वस्ती, शेती, खाण वगैरे, प्रत्येक धोक्याला वेटेज, तो किती लांबपर्यंत पोचतो ते अंतर, आणि तो अंतराबरोबर कसा ओसरतो, सरळ रेषेत का झपाट्याने, ते निवडायचं. शेवटी कुठला अधिवास कुठल्या धोक्याला किती संवेदनशील याचं एक टेबल भरायचं. बटण दाबलं की मॉडेल प्रत्येक पिक्सेलवर, म्हणजे नकाशाच्या प्रत्येक बारक्या चौकोनावर, सगळ्या धोक्यांची बेरीज करतं, त्या बेरजेनुसार मूळ स्कोअर खाली आणतं आणि नकाशा बाहेर पडतो.

लक्षात घ्या, यात एकही प्राणी नाही. एकाही प्रजातीची नोंद लागत नाही. जे काही आहे ते त्या टेबलात आहे, आणि टेबल भरतं कोण तर माझ्यासारखं कुणीतरी, तज्ज्ञांना विचारून, जुने शोधनिबंध वाचून, किंवा खरं सांगायचं तर बऱ्याचदा दुसऱ्याच देशातल्या कुणाच्या तरी शोधनिबंधातलं टेबल उचलून. मॉडेल वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. जिथे प्रजातींच्या नोंदीच नाहीत तिथे निदान कुठून सुरुवात करायची हे त्यातून कळतं, रस्ता इथून नेला तर काय आणि तिथून नेला तर काय अशी तुलनाही करता येते, आणि ही तुलना फार कामाची असते. पण टेबल हे कुणाचं तरी मत आहे. मताचा नकाशा झाला की तो पुरावा वाटायला लागतो, तिथे घोटाळा आहे.

दुसरी एक गोष्ट नकाशाखाली कधीच लिहिलेली नसते. या मॉडेलचा स्कोअर सापेक्ष असतो. तो पर्सेंटाइलसारखा आहे, टक्क्यांसारखा नाही, म्हणजे त्याच नकाशातल्या बाकी जागांच्या तुलनेत ही जागा कशी एवढंच तो सांगतो. एका प्रदेशातलं ०.७ आणि दुसऱ्या प्रदेशातल्या वेगळ्या मॉडेलमधलं ०.७ या दोन सारख्या जागा नव्हेत. तरी मीटिंगांमध्ये दोन वेगळे नकाशे शेजारी ठेवून हा जास्त हिरवा तो कमी हिरवा अशी चर्चा चालते आणि कुणी हूं का चूं करत नाही.

जाता जाता गवताळ प्रदेशांबद्दल, कारण तो माझा दुखरा विषय आहे. जंगलाला १ आणि गवताला त्याहून कमी हे आपण इतकं गृहीत धरलंय की कुणी थांबून विचारही करत नाही. सव्हाना, माळरान, नैसर्गिक गवताळ प्रदेश हे हजारो वर्षं तसेच आहेत, ते काही तुटलेलं जंगल नाही, तिथले पक्षी-प्राणी झाडं लावली तर उलट निघून जातात. आणि वरून सॅटेलाइटला निलगिरीची लागवडही हिरवी, पाम तेलाचा वाढलेला मळाही हिरवा. भूवापराच्या नकाशात ते ‘झाडांचं आच्छादन’ म्हणून आले की टेबलात १ घेऊन बसतात आणि खरा माळ ०.४ वर. हा प्रश्न जमिनीचाच आहे, पण निदान त्यावर भांडणारे लोक तरी आहेत, पाण्याच्या बाजूने भांडायला कोण येणार.

तर पाणी. इथेच सगळं पाणी मुरतंय म्हणा ना.

या मॉडेलमध्ये धोका पसरतो तो सरळ अंतराने. रस्त्यापासून ५०० मीटर, खाणीपासून ५ किलोमीटर, चहूबाजूंना सारखा गोल. जंगलातल्या प्राण्यासाठी हे बऱ्यापैकी चालून जातं, आवाज, उजेड, माणसांची ये-जा अंतराबरोबर कमी होतेच. पण नदीला गोल माहीत नाही. नदीत घाण सोडली तर ती वर चढत नाही, खाली जाते आणि कितीतरी किलोमीटर जाते. डोंगराच्या पलीकडच्या उतारावरचा कारखाना माझ्या ओढ्यापासून सरळ रेषेत १ किलोमीटरवर असेल पण त्याचं पाणी दुसऱ्याच नदीला मिळत असेल तर माझ्या ओढ्याला त्याचा काही त्रास नाही, उलट ४० किलोमीटर वर असलेलं शहर माझ्या नदीचं सगळं आयुष्य ठरवतं. मॉडेल मात्र कारखान्यासाठी ओढ्याचे मार्क कापणार आणि शहराचं नावही घेणार नाही. तेव्हा नुसत्या बफरवर, म्हणजे अशा गोल अंतरावर, काढलेला नदीचा स्कोअर म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे.

बरं धोका फक्त वरून येतो असंही नाही, खालूनही येतो, आणि हे समजून घ्यायला अमेरिकेतली एल्वा नदी बघा. वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपिक नॅशनल पार्क आहे, १९३८ पासून संरक्षित, एल्वाचं बहुतेक सगळं वरचं पाणलोट क्षेत्र त्यात येतं, घनदाट जुनं जंगल, रस्ते जवळजवळ नाहीतच. अधिवासाच्या कुठल्याही जमिनीवरच्या मॉडेलमध्ये तो भाग हिरवागार निघाला असता. पण नदीच्या मुखापासून साधारण ८ किलोमीटरवर १९१३ मध्ये एक धरण झालं, त्याच्या वर १९२७ मध्ये दुसरं, आणि दोन्हींत माशांना वर जायला वाट ठेवलेली नव्हती. समुद्रातून अंडी घालायला वर जाणारा सॅमन तिथेच अडला. जवळजवळ शंभर वर्षं वरचं उत्तम पाणी, उत्तम सावली, उत्तम वाळू-गोटे सगळं जागच्या जागी होतं आणि समुद्रातून येणारा सॅमन शून्य. २०११ ते २०१४ मध्ये दोन्ही धरणं काढली आणि सॅमन परत वर जायला लागला. जंगल तेच, पार्क तेच, बदललं ते काही किलोमीटर खाली. आता सांगा, पिक्सेलच्या आजूबाजूला बघणारं मॉडेल हे कसं पकडणार?

सगळ्यांचं नशीब एल्वासारखं नसतं. चीनच्या यांगत्से नदीतला चायनीज पॅडलफिश, प्रचंड मोठा मासा, १९८१ मध्ये गेझोउबा धरणाने त्याची वाट तोडली, आणि २०२२ मध्ये आययूसीएनने (धोक्यातल्या प्रजातींची जागतिक यादी ठेवणारी संस्था) तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

नदीला तशा चार दिशा असतात असं नदीचे अभ्यासक सांगतात, वर-खाली ही एक, काठावरच्या पूरमैदानाकडे जाणारी आडवी दुसरी, तळाखालच्या भूजलाकडे जाणारी तिसरी, आणि चौथी काळाची, म्हणजे पूर कधी येतो, किती दिवस राहतो, पाणी किती झपाट्याने चढतं-उतरतं. मासे आणि किडे यांचं आयुष्य या वेळापत्रकावर बसवलेलं असतं. धरणातून वर्षभर सारखं पाणी सोडलं तर सॅटेलाइटला नदी बारमाही भरलेली दिसते, एकदम छान, पण ज्या माशाला पुराचा इशारा मिळाल्याशिवाय अंडी घालायचं कळत नाही त्याचे बारा वाजलेले असतात. तापमानाचंही तसंच, काठची झाडं गेली की पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, १० अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम तर ३० अंशाला साडेसातच्या आसपास. हे भूवापराच्या नकाशात कुठे दिसणार आहे.

आता जलाशयाचा घोळ, माझ्या मते हा सगळ्यात मोठा. भूवापराच्या नकाशात एकच वर्ग असतो, पाणी. नदी पण पाणी, नैसर्गिक तळं पण पाणी, धरणाचा जलाशय पण पाणी, काही नकाशांत तर मत्स्यशेतीचे तलावसुद्धा पाणीच. सगळ्यांना मिळून एकच स्कोअर. २०१६ मध्ये युरोपियन कमिशनच्या जेआरसी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लँडसॅट उपग्रहांच्या ३० लाख चित्रांवरून १९८४ ते २०१५ चा जगातल्या पृष्ठभागावरच्या पाण्याचा नकाशा केला, जबरदस्त काम आहे, त्यात दिसलं की सुमारे ९० हजार चौरस किलोमीटर कायमचं पाणी नाहीसं झालं, यात बराचसा भाग मध्यपूर्व आणि मध्य आशियातला, अरल समुद्र वगैरे, आणि दुसरीकडे १ लाख ८४ हजार चौरस किलोमीटर नवं कायमचं पाणी तयार झालं, आणि हे नवं पाणी मुख्यतः कुठून आलं तर जलाशय भरल्यामुळे. म्हणजे नुसती बेरीज-वजाबाकी केली तर जगात पाण्याचा अधिवास वाढला! वाहत्या पाण्यातले मासे, दगडांना चिकटून राहणारे किडे, वाळूच्या बेटांवर घरटी करणारे पक्षी, यांच्यासाठी जिथे नदी बुडाली तिथे अधिवास वाढला नाही, संपला. जलाशयावर बदकं येतात हे मला मान्य आहे, फोटोही सुंदर येतात, पण बदकांचे मार्क माशांच्या खात्यात कसे टाकणार. एका प्रोजेक्टमध्ये मी धरणाआधीचं आणि नंतरचं मॉडेल शेजारी बघितलंय, धरणानंतर ‘गुणवत्ता वाढली’ असं चक्क वाक्य लिहिलेलं होतं.

याच्या बरोबर उलट प्रकार छोट्या ओढ्यांचा. सेंटिनेल-२ या उपग्रहांचा पिक्सेल १० मीटरचा, लँडसॅटचा ३० मीटरचा. २ मीटर रुंद ओढा, वर झाडांची गर्दी, तो या चित्रात दिसतच नाही. आणि नदीच्या जाळ्याची बहुतेक लांबी ही अशा उगमाजवळच्या बारक्या धारांचीच असते. त्यात परत कितीतरी ओढे वर्षातले काही महिने कोरडे. २०२१ च्या एका जागतिक अभ्यासाप्रमाणे जगातल्या नद्या-ओढ्यांच्या एकूण लांबीपैकी ५१ ते ६० टक्के लांबी अशी आहे की वर्षातून निदान एक दिवस तरी प्रवाह थांबतो. म्हणजे कोरडी पडणारी नदी ही अपवाद नाहीच, तीच बहुमतात आहे. आणि सॅटेलाइट नेमका कोरड्या दिवसांत गेला, जे होणारच कारण ढग नसलेली चित्रं तेव्हाच मिळतात, तर ओढ्याचं पात्र ‘उघडी जमीन’ म्हणून नोंदलं जातं, स्कोअर ०.१. तिथून रस्ता न्यायला, माती टाकायला, बुजवायला आता कागदोपत्री काहीच हरकत नाही.

अडथळ्यांची तीच गत. जागतिक डेटाबेसमध्ये मोठी धरणं असतात, छोटे बंधारे, मोऱ्या, जुन्या गिरण्यांचे बांध नसतात. युरोपातल्या ३६ देशांच्या नोंदींना काही नद्यांत चालत जाऊन केलेल्या मोजणीची जोड दिली तेव्हा निदान १२ लाख अडथळे असल्याचा अंदाज २०२० मध्ये आला आणि त्यातले ६८ टक्के २ मीटरपेक्षाही कमी उंचीचे. माशाला मीटरभर भिंत पुरते अडायला. आपण मोठ्या धरणांवर मोर्चे काढतो ते ठीकच आहे, पण नदीचे तुकडे बहुतेक या बारक्या भिंतींनीच झालेत आणि त्यातल्या कितीतरी आता वापरातही नाहीत.

मग करायचं काय? सगळं टाकून द्या असं माझं म्हणणं मुळीच नाही. हिशेबाचं एकक बदला. पाण्यासाठी चौकोनी पिक्सेल सोडा आणि पाणलोट घ्या, उपपाणलोट घ्या, प्रत्येकाला त्याच्या वर कोण आणि खाली कोण हे माहीत असलं पाहिजे. हे काही स्वप्न नाही, फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या स्पेस शटलने जी उंचीची मोजणी केली त्यावरून हायड्रोशेड्स नावाचा डेटा कधीचाच तयार झालाय, जगातल्या नद्यांची आणि उपपाणलोटांची एकात एक बसणारी विभागणी फुकट उपलब्ध आहे. धोके सरळ अंतराने न पसरवता प्रवाहाच्या वाटेने खाली वाहवायचे, आणि अडथळ्याचा परिणाम उलट वरच्या दिशेने चढवायचा. प्रोग्रॅमिंगच्या दृष्टीने हे थोडं कटकटीचं आहे, थोडंच. जागा निवडायला जी सॉफ्टवेअर वापरतात, मार्क्सन, झोनेशन वगैरे, त्यांतही आता नदीची वर-खाली जोडणी देता येते. मार्क्सनचं नाव झालं ते मुख्यतः समुद्रामुळे, ग्रेट बॅरिअर रीफची २००४ मध्ये नव्याने आखणी झाली आणि मासेमारीबंद क्षेत्र ५ टक्क्यांच्या आतून ३३ टक्क्यांवर गेलं त्यात त्याचा हात होता.

दक्षिण आफ्रिकेने २०११ मध्ये गोड्या पाण्यासाठी देशभराचा प्राधान्य-नकाशा केला तो मला फार आवडतो, कारण त्यात नुसत्या चांगल्या नद्या रंगवून थांबले नाहीत. चांगल्या अवस्थेतल्या नद्यांची उपपाणलोटं वेगळी दाखवली, धोक्यातल्या माशांना आधार देणारी वेगळी, आणि तिसरा एक वर्ग केला, ‘वरची व्यवस्थापन क्षेत्रं’, म्हणजे तिथे स्वतःमध्ये विशेष काही नसेल पण खालची नदी चांगली राहायची असेल तर इथे वाट्टेल ते करून चालणार नाही. जमिनीच्या नकाशात हा वर्ग सुचतच नाही कोणाला. आणि नकाशा पक्का करायच्या आधी त्या त्या भागातल्या नद्या माहीत असलेल्या माणसांना बसवून तो तपासून घेतला.

यावर नेहमी येणारं उत्तर म्हणजे, मॅडम पाण्याचा डेटाच नाही, माशांच्या नोंदी कुठे आहेत. खरंय, उघड्या डेटाबेसमध्ये पक्ष्यांच्याच नोंदी ढिगाने आणि त्याही रस्त्याकडेच्या. पण ब्राझीलच्या पूर्व अॅमेझॉनमधला एक अभ्यास २०२० मध्ये सायन्स या नियतकालिकात आला तो या सबबीला पुरेसा आहे. तिथे जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या दोन्ही प्रजातींचा डेटा होता. फक्त जमिनीवरच्या प्रजाती बघून जागा निवडल्या तर पाण्याला मिळणारा फायदा, पाण्यासाठीच निवड केली असती तर मिळाला असता त्याच्या फक्त २२ टक्के निघाला. मग दोन्हींची निवड एकत्र केली तर जमिनीचा फायदा जेमतेम १ टक्का कमी करून पाण्याचा फायदा ६०० टक्क्यांपर्यंत वाढवता येत होता. आणि माझ्यासाठी महत्त्वाचं हे की पाण्यातल्या प्रजातींचा डेटा बाजूला ठेवून नुसती नदीची जोडणी जरी हिशेबात घेतली तरी पाण्याचा फायदा दुप्पट होत होता, जमिनीचं नुकसान नगण्य. म्हणजे माशांच्या नोंदी येईपर्यंत थांबायचं काही कारण नाही, कुठलं पाणी कुठे जातं हे तर आज माहीत आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या म्हणण्याच्या थोडी विरोधात जाते ती पण सांगून टाकते. वर सांगितलेल्या २०२५ च्या नेचरमधल्या अभ्यासात जागतिक पातळीवर असं दिसलं की धोक्यातले सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे आणि उभयचर बघून जागा निवडल्या तर धोक्यातल्या गोड्या पाण्यातल्या प्रजातीही बऱ्यापैकी त्यात येतात. उलट पाण्याचा ताण आणि नायट्रोजन प्रदूषण यांचे नकाशे वापरले तर निवड वाईट होते. आता हे दोन अभ्यास भांडतात का? मला नाही वाटत. जग किंवा खंड बघताना कुठला प्रदेश महत्त्वाचा एवढंच कळायचं असतं, तिथे जमिनीचे प्राणी चालतात. पण त्या प्रदेशात उतरून कुठला ओढा, कुठला काठ, कुठला बंधारा हे ठरवताना ते पुरत नाहीत, आणि पैसा-कायदा सगळं याच पातळीवर लागू होतं. शिवाय ‘पाण्याची टंचाई जिथे जास्त तिथेच पाण्यातल्या जिवांना जास्त धोका’ हे जे आपण बिनधास्त बोलतो तेही या अभ्यासाने मोडीत काढलं, ते एक बरं झालं.

कायद्याचं निघालं म्हणून, मॉडेलमध्ये आणखी एक लेयर देता येतो, संरक्षित क्षेत्राचा. तो दिला की मॉडेल मानतं की आत धोके कमी पोचतात. कुंपण कागदावर असलं तरी. आणि नदी कुंपणाच्या बाहेरून आत येत असली तरी. कित्येक ठिकाणी तर संरक्षित क्षेत्राची हद्दच नदी असते, म्हणजे एक काठ आत, एक काठ बाहेर, आणि पाणी कुणाचंच नाही. असा लेयर टाकून मग ‘संरक्षित क्षेत्रात गुणवत्ता जास्त आढळली’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे आपणच ठेवलेला पैसा आपल्यालाच सापडला म्हणून नाचायचं.

तुमच्या पेपरकडून मागणं एवढंच की असा नकाशा छापताना खाली दोन ओळी लिहा, चित्रं कुठल्या वर्षातली आणि कुठल्या महिन्यांतली, स्कोअरचं टेबल कुणी भरलं आणि ते उघडं आहे का, पाण्यासाठी प्रवाह धरलाय का नुसतं अंतर. ज्यांनी नकाशा केला त्यांना हे विचारलं तर दोन मिनिटांत सांगता येतं. नाही सांगता आलं तर तीच बातमी आहे.

आणि नकाशे करणाऱ्यांकडून मागणं पडताळणीचं. नदीची तब्येत बघायला फार महागडी यंत्रं लागत नाहीत, दगड उलटून मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय या किड्यांच्या अळ्या आहेत का ते बघतात, यांतल्या बहुतेकांना घाण पाणी सोसत नाही त्यामुळे त्या आहेत का नाहीत यावरून पुष्कळ कळतं, आता तर पाण्याच्या नमुन्यातल्या डीएनएवरूनही वर कोण राहतं याचा अंदाज येतो. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात यावर पद्धतशीर काम सुरू झालं, एखाद्या जागेचा उतार, तळ, पाण्याचा प्रकार बघून नदी धडधाकट असती तर इथे कुठले किडे सापडायला हवेत याचा अंदाज मॉडेल देतं आणि मग प्रत्यक्ष काय सापडलं ते त्याच्याशी ताडून बघतात. म्हणजे मॉडेल आणि चिखलात उतरणं यात भांडण नाहीच, दोन्ही एकाच कामाचे भाग आहेत. आपल्याकडच्या रंगीत रिपोर्टांना हे शेवटचं पान जोडायला काय होतं? जिथे नकाशा हिरवा आहे आणि दगडाखाली काहीच सापडलं नाही, किंवा नकाशा लाल आहे आणि पाण्यात अळ्यांची गर्दी आहे, अशा जागांची यादी रिपोर्टात द्या, गाळू नका. त्या जागी आपल्या एकाही लेयरमध्ये नसलेलं काहीतरी चाललंय, वरचा एखादा पाइप, रात्री उपसली जाणारी वाळू, किंवा कुणीतरी मुद्दाम राखलेला डोह, आणि पुढच्या वर्षीचं फील्डवर्क तिथूनच सुरू करता येईल.

आपली,
नकाशे बनवणारी एक वाचक